कंपनीची जमीन विकली गेली, तर शेअरधारकाच्या हाती काय लागतं?

निपाणीच्या एका गृहस्थांनी दोन प्रश्न विचारले आहेत. त्यांच्याकडे मुंबईत नोंदणी असलेल्या एका लिस्टेड कंपनीचे 3,000 शेअर्स आहेत. कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत आहे, अख्खी कंपनी घ्यायला कोणी पुढे येत नाही आणि बँका आता मोडीत काढून मालमत्ता विकायच्या विचारात आहेत. कारखाना आणि जमीन मिळून 400 कोटी येतील, अशी बातमी त्यांनी वाचली. कंपनीचे एकूण शेअर्स 20 कोटी. म्हणजे शेअरमागे 20 रुपये झाले की! बाजारात भाव आहे 2 रुपये 40 पैसे. मग विकायचे कशाला, उलट अजून घ्यावेत का, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न वडिलांच्या नावावरच्या सहकारी पतसंस्थेच्या शेअर्सचा, त्यांनाही हाच कायदा लागतो का.

बेळगावात गेली कित्येक वर्षं कंपन्यांची आणि त्यांच्या मालकांची कामं करतो आहे, त्यामुळे हा हिशोब माझ्यासमोर वेगवेगळ्या रूपांत येत असतो. 400 भागिले 20 हा भागाकार बरोबर आहे, फक्त तो या प्रश्नाला लागू नाही. विक्रीचे पैसे कंपनीच्या नावाने येतात, पण ते शेअरधारकांत वाटण्यासाठी येत नाहीत. त्या पैशांवर आधीच दुसऱ्यांची नावं लिहिलेली असतात. भागाकार करायचा तर त्या सगळ्यांचं देणं वजा करून जे उरेल त्याला करायचा, आणि उरतं का हाच खरा प्रश्न.

नावं कोणत्या क्रमाने लिहिलेली असतात ते 2016 च्या दिवाळखोरी संहितेच्या कलम 53 मध्ये आहे. सगळ्यात आधी प्रक्रियेचा खर्च: रिझोल्यूशन प्रोफेशनल (दिवाळखोरीच्या काळात कंपनी सांभाळायला नेमलेला माणूस), लिक्विडेटर (कंपनी मोडीत काढताना मालमत्ता विकून पैसे वाटणारा), पहारा, वीज, वकील, आणि या काळात कंपनी चालू ठेवायला कोणी पैसे दिले असतील तर ते. मग एकाच पायरीवर दोघं, कामगारांचं मागच्या 24 महिन्यांचं थकीत देणं आणि ज्यांनी आपलं तारण लिक्विडेटरच्या हाती सोपवलं अशा बँका. त्यांच्यानंतर कामगार या व्याख्येत न बसणाऱ्या कर्मचाऱ्यांचा 12 महिन्यांचा पगार. मग विनातारण कर्ज देणारे. मग सरकारी देणी, आणि ज्या बँकांनी तारण स्वतःच विकून घेतलं पण पुरेसे पैसे आले नाहीत त्यांची उरलेली बाकी. मग इतर राहिलेले सगळे, त्यात माल पुरवणारा व्यापारीही आला. त्याच्या खाली प्रेफरन्स शेअरधारक, म्हणजे साध्या शेअरधारकांच्या आधी ज्यांचा हक्क असतो ते. आणि तळाला इक्विटी शेअरधारक, म्हणजे तुम्ही. वरची पायरी पूर्ण भरल्याशिवाय खालच्या पायरीला एक पैसा जात नाही. एका पायरीवर पैसे कमी पडले तर त्याच पायरीवरच्यांत प्रमाणात वाटले जातात आणि वाटप तिथंच थांबतं.

तुमच्या 400 कोटींचं काय होईल ते उदाहरण धरून बघू. आकडे माझे आहेत, तुमच्या कंपनीचे नव्हेत. प्रक्रियेचा खर्च 15 कोटी गेला, उरले 385. तारण सोडलेल्या बँकांचं देणं 900 कोटी आणि कामगारांचं 30 कोटी, मिळून 930. म्हणजे 385 कोटी 930 कोटींत वाटायचे, रुपयाला साधारण 41 पैसे. कामगारांना 30 कोटींऐवजी साडेबारा कोटींच्या आत-बाहेर मिळतील, बाकी बँकांना. तिथंच पेटी रिकामी. खालच्या कोणालाच काही नाही. आता समजा, कर्मचाऱ्यांचे 5, विनातारण कर्जाचे 120, सरकारचे 40 आणि पुरवठादार वगैरेंचे 60 कोटी आहेत. तर शेअरधारकाला पहिला रुपया मिळायला विक्रीतून 1,170 कोटींच्या वर यायला हवेत. 400 चे 500 झाले, 700 झाले, जमिनीला लागून हायवे गेला म्हणून 900 झाले, तरी तुमच्या बाजूला आकडा शून्यच. वाढलेला प्रत्येक रुपया बँकांचं नुकसान कमी करतो, एवढंच. म्हणून "जमिनीला भाव चांगला आलाय" ही बातमी शेअरधारकाने आनंदाने वाचण्यासारखी नसते.

प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी फंडातले कामगारांचे पैसे तर या रांगेतच येत नाहीत, ते लिक्विडेशनच्या, म्हणजे कंपनी मोडीत काढून वाटायच्या, मालमत्तेच्या बाहेर ठेवलेले आहेत. ते मला योग्यच वाटतं.

वार्षिक अहवालातली बुक व्हॅल्यू, म्हणजे हिशोबाच्या वह्यांतली किंमत, दाखवून "शेअरमागे 38 रुपये तर पुस्तकातच आहेत" असं काही जण सांगतात. पुस्तकातली किंमत चालू कारखान्याची असते. बंद पडलेल्या कारखान्याच्या यंत्राला भंगारवाला येतो, शेडच्या लोखंडाला वजनाचा भाव लागतो, जमीन औद्योगिक वसाहतीतली भाडेपट्ट्यावरची असेल तर हस्तांतरणाला मंडळाची परवानगी आणि फी. लिलावाला कोणी आलं नाही की राखीव किंमत खाली आणून पुन्हा लिलाव. दरम्यान रोज पहारेकऱ्याचा पगार पहिल्या पायरीत चढतोच आहे.

आता कोणी म्हणेल, आपण मालक आहोत ना, मतदान तरी करू. कंपनी धडधाकट असताना ते खरं आहे. अख्खा उद्योग किंवा त्याचा मोठा भाग विकायचा तर कंपनी कायद्याच्या कलम 180 खाली सभासदांचा विशेष ठराव लागतो, म्हणजे विरोधी मतांच्या किमान तिप्पट मतं बाजूने हवीत. पण एनसीएलटीने, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने, दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला की संचालक मंडळाचे अधिकार थांबतात. निर्णय कर्जदात्यांच्या समितीकडे जातात, तिथं मोठ्या निर्णयांना 66 टक्के मतं लागतात आणि मत असतं ते दिलेल्या कर्जाच्या प्रमाणात. त्या समितीत सामान्य शेअरधारकाला खुर्ची नाही. रिझोल्यूशन प्लॅनसाठी, म्हणजे कंपनी घेऊन वाचवण्याच्या योजनेसाठी, कंपनी कायद्यानुसार शेअरधारकांची संमती लागणार असेल, तर ती मिळाली असंच कायदा धरून चालतो. कठोर वाटतं, पण कारण सरळ आहे: कंपनी चांगली चालली असती तर बँकेला ठरलेलं व्याजच मिळालं असतं आणि सगळा वरचा नफा तुमचा होता. त्या बदल्यात तोट्याचा पहिला धक्का तुम्ही घ्यायचा, हा सौदा शेअर घेतानाच झालेला असतो.

लिक्विडेशनऐवजी कोणी अख्खी कंपनी घेतली तर? इथं लोकांच्या आशा जास्त असतात आणि फसगतही जास्त. रिझोल्यूशन प्लॅनमध्ये नवा मालक जुने शेअर्स पूर्ण रद्द करू शकतो, त्यांची संख्या कमी करू शकतो किंवा नवे शेअर्स इतके काढतो की जुन्यांचा हिस्सा नावापुरता उरतो. डीएचएफएल या गृहकर्ज देणाऱ्या कंपनीचं उदाहरण बघा. पिरामल समूहाने 2021 मध्ये ती 34,250 कोटींना घेतली. आकडा ऐकून छाती दडपते, पण दावे होते सुमारे 87 हजार कोटींचे. शेअर्सची किंमत शून्य धरली गेली आणि ते डीलिस्ट झाले, म्हणजे शेअर बाजाराच्या यादीतून काढले गेले. प्लॅनला 7 जून 2021 रोजी एनसीएलटीची मंजुरी आली, तोपर्यंत शेअर बाजारात चालू होता आणि शेवटच्या दिवसांतही घेणारे होते. रिलायन्स कॅपिटलच्या शेअरधारकांचंही हिंदुजा समूहाच्या प्लॅनमध्ये तेच झालं. डीलिस्टिंग करताना लोकांना बाहेर पडायची किंमत द्यावी, असा सेबीचा नियम आहे ना, असं विचारतात. दिवाळखोरीच्या प्लॅनसाठी त्यातून सूट आहे. अट एवढीच, की जुन्या प्रवर्तकांना जो भाव मिळेल त्यापेक्षा कमी भाव लोकांना देता येत नाही. प्रवर्तकाला शून्य, तुम्हालाही शून्य. नियम पाळला गेला.

आणि मग कोणीतरी रुची सोया या खाद्यतेलाच्या कंपनीचं नाव घेतं. घेणारच. पतंजलीने ती 2019 मध्ये घेतली, जानेवारी 2020 मध्ये शेअर पुन्हा सतरा रुपयांच्या आसपास चालू झाला आणि जूनअखेर पंधराशेच्या वर गेला. तो आलेख मोबाईलवर दाखवून "दिवाळखोर कंपनीत पैसे करता येतात" असं सांगणारे आपल्याकडे कमी नाहीत. त्या आलेखात न दिसणारी गोष्ट अशी, की जुन्या 100 शेअर्सचा 1 शेअर करण्यात आला होता. तुमच्यासारखे 3,000 असतील तर हातात 30 उरले. शिवाय लोकांच्या हातात कंपनीचा जेमतेम एक टक्का हिस्सा होता, बाकी सगळं नव्या मालकाकडे. विकायला मालच नाही म्हणून भाव रोज वरच्या सर्किटला, म्हणजे एका दिवसात वाढू देतात त्या मर्यादेला. भूषण स्टीलमध्येही जुने शेअरधारक पूर्ण पुसले गेले नाहीत. टाटा स्टीलने 2018 मध्ये 72.65 टक्के हिस्सा घेतला, पुढे विलीनीकरणात 15 शेअर्सना टाटा स्टीलचा एक मिळाला. पण दोन्ही ठिकाणी मालमत्ता तुकड्यांनी विकली गेली नव्हती, कंपनी जिवंत राहिली आणि नव्या मालकाला तिचं लिस्टिंग हवं होतं. जुन्यांना थोडं ठेवणं ही त्याची सोय होती, जुन्यांचा हक्क नव्हे. तुमच्या प्रश्नातली कंपनी तर मोडीत निघायच्या वाटेवर आहे.

अमेरिकेतल्या हर्ट्झ या भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपनीचंही उदाहरण यूट्यूबवर फिरतं. ती 2020 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि 2021 मध्ये शेअरधारकांना खरोखर पैसे मिळाले. त्यामागे कारण होतं: कोरोनानंतर जुन्या गाड्यांच्या किमती भडकल्या, प्रवास सुरू झाला आणि कंपनीची किंमत सगळ्या कर्जाच्या वर गेली. म्हणजे तिथंही रांगेचा नियम मोडला नाही, वरच्या पायऱ्या भरल्या म्हणून पाणी खाली आलं. तुमच्या कंपनीत असं काही होण्याची चिन्हं आहेत का, ते बघायला भावना नको, दोन आकडे पुरतात. कबूल झालेल्या दाव्यांची यादी रिझोल्यूशन प्रोफेशनलला जाहीर करावी लागते, ती बहुधा कंपनीच्या वेबसाइटवर मिळते. एक्स्चेंजच्या वेबसाइटवर कंपनीच्या घोषणा असतात. दाव्यांची बेरीज एका बाजूला, विक्रीचा अंदाज दुसऱ्या बाजूला. अर्ध्या तासाचं काम आहे.

आपल्या भागातल्या लोकांची इथं एक अडचण होते. दिवाळखोरीची जाहीर सूचना कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय असेल तिथल्या एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेच्या वर्तमानपत्रात येते. कंपनी मुंबईची असेल तर मराठी सूचना मुंबईच्या पेपरात येणार, तुमच्या निपाणीच्या घरी येणाऱ्या पेपरात ती दिसेलच असं नाही. कंपनी कर्नाटकातली असेल तर सूचना कन्नडमध्ये आणि प्रकरण एनसीएलटीच्या बंगळूर खंडपीठाकडे. शेअरधारक म्हणून तुमचं फारसं अडत नाही, कारण शेअर्सची नोंद डीमॅटमध्ये आहेच. पण त्याच कंपनीत तुमची मुदत ठेव किंवा डिबेंचर असेल, किंवा तुम्ही तिला माल पुरवला असेल, तर मुदतीत दावा भरावा लागतो. तो न भरल्याने पैसे गेलेले लोक मी पाहिले आहेत. दावा न भरल्याने शेअरधारकाचं नुकसान वाढत नाही, ठेवीदाराचं वाढतं.

मग 2.40 हा भाव कुठून येतो? शेअर्सची खरेदी-विक्री चालू असेपर्यंत भाव असतोच. कोणी रुची सोया पुन्हा होईल म्हणून घेतं, कोणी दिवसभरात दहा पैसे सुटतील म्हणून. जेट एअरवेजची विमानं एप्रिल 2019 मध्ये जमिनीवर आली, आणि 7 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने लिक्विडेशनचा आदेश दिला तेव्हाही शेअर तीस-पस्तीस रुपयांच्या घरात होता. साडेपाच वर्षं एक न उडणारी कंपनी रोज खरेदी-विक्रीत होती. भाव आहे म्हणजे किंमत आहे, असं धरून चालू नका.

तुमच्या 3,000 शेअर्सचे आज 7,200 रुपये होतात. माझं मत स्पष्ट आहे: आणखी घेऊ नका, आणि खरेदी-विक्री चालू आहे तोवर विकून मोकळे व्हा. त्याला रकमेपेक्षा मोठं कारण आयकराचं आहे. बाजारात विकलेत तर तोटा कागदावर पक्का होतो. वर्षभराहून जास्त ठेवलेले लिस्टेड शेअर्स असतील तर तो दीर्घकालीन भांडवली तोटा, तो दीर्घकालीन नफ्यातूनच वजा होतो आणि विवरणपत्र मुदतीत भरलं असेल तर आठ वर्षं पुढे नेता येतो. निपाणीत म्युच्युअल फंडाचे युनिट किंवा एखादा प्लॉट विकून नफा झाला, तर इथला तोटा तिथं कामाला येतो. पण शेअर्स प्लॅनमध्ये रद्द झाले किंवा ट्रेडिंग बंद होऊन अडकले, तर तोटा कोणत्या वर्षी झाला, तो हस्तांतरण मानायचा का, यावर आयकर खात्याशी वाद होऊ शकतो. न विकता येणारे शेअर्स डीमॅटमध्ये वर्षानुवर्षं पडून राहतात, कंपनी विसर्जित होईपर्यंत. खातं बंद करायला गेलात तरी ते आडवे येतात.

शेअर्स विकले नाहीत तर बँक माझ्या घरावर येईल का, असंही काही जण घाबरून विचारतात. पूर्ण भरलेल्या शेअरवर तुमच्याकडून आणखी एक रुपयाही मागता येत नाही. अंशतः भरलेला शेअर असेल, तर न भरलेला हप्ता मात्र लिक्विडेटर मागू शकतो.

लिस्टेड कंपनीपुरतं हे ठीक. पण उद्यमबाग किंवा मच्छेच्या बाजूची एखादी प्रायव्हेट लिमिटेड फौंड्री असेल, तर चित्र वेगळं. दोन भाऊ आणि त्यांच्या बायका असे चार शेअरधारक, आणि बँकेच्या कागदांवर चौघांच्याही वैयक्तिक हमीच्या सह्या. फौंड्री विकून कर्ज फिटलं नाही तर शेअर म्हणून त्यांचं देणं शून्य, पण हमीदार म्हणून उरलेलं सगळं. कंपनीच्या कर्जाच्या वैयक्तिक हमीदारांवर दिवाळखोरी संहितेखाली कारवाई करायची तरतूद 1 डिसेंबर 2019 पासून लागू आहे आणि 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. "वहिनींनी फक्त सही केली होती" याला तिथं अर्थ नाही. असं कोणाचं प्रकरण असेल तर त्यांनी शेअर्सची चिंता बाजूला ठेवून हमीपत्र आधी वाचावं, आणि लघुउद्योग म्हणून नोंदणी असेल तर 2021 पासूनची प्री-पॅकेज्ड, म्हणजे कर्जदात्यांशी आधीच बोलणी करून आणायची, प्रक्रिया लवकर विचारात घ्यावी. त्यात 10 लाखांच्या थकबाकीलाही अर्ज होतो आणि जुन्या मालकाला धंदा हातात ठेवून तोडगा मांडता येतो. बँकेची सरफेसी नोटीस (कोर्टात न जाता तारण विकायचा अधिकार बँकेला देणाऱ्या कायद्याखालची) आल्यावर साठ दिवस भुर्रकन जातात. आणि जमिनीला चांगला भाव असलेल्या ठिकाणी हेही लक्षात ठेवा: सरफेसीखाली विकून बँकेचं देणं आणि खर्च भागल्यावर काही उरलं, तर ते ज्याचं असेल त्याला परत द्यावं लागतं. तिथं शेअरधारकाच्या नशिबी काहीतरी येतं, म्हणूनच मालकाने विक्रीच्या किमतीवर नजर ठेवायला हवी.

आता वडिलांच्या पतसंस्थेच्या शेअर्सचं. ती कंपनी नाही, तिचा कायदा वेगळा. राज्यापुरती संस्था असेल तर राज्याचा सहकार कायदा, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे इकडे बेळगाव-चिकोडी आणि तिकडे कोल्हापुरात सभासद असलेली असेल तर बहुतेक वेळा 2002 चा बहुराज्य सहकारी संस्था कायदा. संस्था अवसायनात गेली तर निबंधक अवसायक नेमतो, तो मालमत्ता विकून आणि कर्जं वसूल करून आधी ठेवीदार आणि इतर देणी भागवतो. सभासदाचा शेअर इथंही शेवटीच, आणि मिळालाच तर दर्शनी किमतीने. संस्थेच्या नावावर गणपत गल्लीत इमारत आहे म्हणून 100 रुपयांच्या शेअरचे हजार होत नाहीत. ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याचा सहकारी कारखान्याचा शेअरही याच जातीचा. आणि वडिलांची तिथं ठेवही असेल तर हे पक्कं माहीत असू द्या, की 5 लाखांपर्यंतचं ठेव विम्याचं संरक्षण बँकांतल्या ठेवींना आहे, सहकारी बँकांनाही आहे, पण पतसंस्थांना नाही, आणि शेअर्सच्या रकमेला तर बँकेतही नाही. त्यामुळे शेअर्सच्या आधी ठेवीची पावती, तिची मुदत आणि संस्थेचा गेल्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल बघा. सभासद म्हणून तो मागायचा वडिलांना हक्क आहे.